जोर कमी, जागा नेमकी

गिटार सुटते ती बहुतेकांची कॉलेज सुटताना. पुण्यात डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करताना हॉस्टेलच्या खोलीत कुणीतरी चार कॉर्ड दाखवतं, वर्ष-दोन वर्षांत गॅदरिंगला दोन गाणी निभावण्याइतका हात बसतो, आणि मग नोकरी लागते. शिरूरचा मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला लागतो, दौंडचा रेल्वेत किंवा राज्य राखीव पोलीस दलात भरती होतो, कुणी घरच्या उसा-कांद्याकडे परततो. चर्चच्या उपासनेत गिटार वाजवणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. गिटार कव्हरसकट कपाटावर चढते. दहा-पंधरा वर्षांनी मुलांनी हट्ट धरला म्हणून, किंवा गणपतीत आरतीला साथ करावीशी वाटली म्हणून ती खाली उतरते, आणि पहिल्या दहा मिनिटांतच माणूस खट्टू होतो. कॉर्डचे आकार आठवतात, पण तारा झणझणतात. बोटांची टोकं जळजळतात. एफ कॉर्ड तर लागतच नाही. ‘आता हात राहिला नाही’ असं म्हणून गिटार पुन्हा कपाटावर जाते.

हात राहिलेला असतो. वर्षांनी परतलेल्या वादकाकडे नवशिक्याजवळ नसलेली एक गोष्ट असते: मेंदूने जपून ठेवलेल्या बोटांच्या हालचाली. सतत वाजवत राहिलेल्याला सहसा न मिळणारी एक संधीही त्याच्याकडे असते: डाव्या हाताच्या जुन्या चुकीच्या सवयी मोडण्याची. त्यातली सर्वांत मोठी सवय म्हणजे तार गरजेपेक्षा जोरात दाबणं. आता हात कमजोर झालेला असल्यामुळे तसा जोर करताच येत नाही. म्हणूनच हलक्या हाताने, नेमक्या जागी दाबायला शिकण्याची याहून चांगली वेळ नाही. हे प्रकरण त्याबद्दल आहे. (डावखुऱ्यांनी डावा-उजवा उलटा समजावा.)

काय गेलं, काय राहिलं

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, त्या विसरू द्यायच्या आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत होती. यादी पूर्ण विसरल्यासारखी वाटली तरी दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागे. म्हणजे शिकलेलं सगळं पुसलं गेलेलं नसतं. हातांनी शिकलेल्या गोष्टी तर पाठांतरापेक्षाही चिवट असतात.

गिटारच्या बाबतीत हे ‘राहिलेलं’ कुठे असतं याचा एक पुरावा १९९५ साली मिळाला. थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्या ९ जणांच्या मेंदूची तपासणी केली. त्यांच्यात एक गिटारवादकही होता. डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाची नोंद घेणारा मेंदूचा भाग या वादकांत इतरांपेक्षा मोठा आढळला. उजव्या हाताच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. ज्यांनी लहान वयात सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक अधिक होता. तारांवर फिरणारी बोटं मेंदूत आपली जागा तयार करतात, ती अशी.

गेलेल्या गोष्टी दोन. पहिली, बोटांच्या टोकांची जाड झालेली कातडी. वाजवणं थांबलं की काही महिन्यांत ती पातळ होते. कुदळ-खोऱ्याने किंवा पान्याने हाताला घट्टे पडलेले असले तरी ते तळव्यावर असतात, टोकांना त्यांचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पंजाच्या आणि कोपराखालच्या लहान स्नायूंचा दम. या दोन्ही गोष्टी काही आठवड्यांत परत येतात.

पण राहिलेल्यात चुकाही असतात. मेंदू चांगली हालचाल आणि वाईट हालचाल असा भेद करत नाही, जी जास्त वेळा केली ती तो जपतो. हॉस्टेलच्या दिवसांत शिकवायला कुणी नव्हतं, गिटार स्वस्तातली होती, तारा फ्रेटबोर्डापासून उंच होत्या. त्या वाजाव्यात म्हणून नेक मुठीत आवळून दाबायची सवय लागली. आज गिटार हातात घेताच बोटं आठवणीने कॉर्ड धरतात आणि त्याच आठवणीने आवळतातही.

आधी गिटार तपासा

तार दाबायला जड जाते तेव्हा दोष हातात आहे की वाद्यात, हे पहिल्यांदा ठरवायला हवं. त्यासाठी एक स्टीलची पट्टी पुरते. गिटार सुरात लावा आणि बाराव्या फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर जाड ईखाली ते साधारण २ ते २.५ मिलिमीटर आणि पातळ ईखाली १.५ ते २ मिलिमीटर असावं. ३ मिलिमीटरच्या पुढे गेलेली गिटार मुरलेल्या वादकालाही दमवते. दुसरी तपासणी नटची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघा. जेमतेम कागदाइतकी फट हवी. ती मोठी असेल तर नटच्या खाचा उंच आहेत, आणि पहिल्या फ्रेटवरच्या एफसारख्या कॉर्डशी तुमची झटापट चालू असते ती मुख्यतः या खाचांशी. नट आणि सॅडल जाणकाराकडून बेताने घासून घेतले की गिटार बदलल्यासारखी वाटते. नेकमधला ट्रस रॉड स्वतः फिरवू नका. पाव फेऱ्यानेही फरक पडतो, आणि अंदाजाने फिरवला तर नेक बिघडतो.

शिरूर आणि दौंड तालुक्यांची हवा इथे विचारात घ्यावी लागते. हा पट्टा पर्जन्यछायेतला. उन्हाळा कोरडा, पारा चाळिशीच्या आसपास जाणारा. मग पावसाळ्यात हवेतला ओलावा एकदम वाढतो. लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि ओल्या हवेत फुगतं. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसला की फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. पावसाळ्यात पुढची फळी फुगली की ब्रिज वर उचलला जातो आणि तारांची उंची वाढते. मे महिन्यात हलकी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये जड लागते ती यामुळे. गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. आपल्या घरांत ती वर्षभर राखणं कठीण आहे, पण निदान गिटार पत्र्याखालच्या माळ्यावर, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून ठेवायची नाही, एवढं पाळता येतं.

गिटार वडिलांची किंवा काकांची असेल तर आणखी एक गोष्ट बघा. एका पिढीसाठी गिटार म्हणजे हवाईयन गिटार. व्हॅन शिप्ले आणि सुनील गांगुली यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डींनी ती घराघरांत पोचवली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. हवाईयन पद्धतीत तार फ्रेटवर दाबतच नाहीत, तिच्यावरून धातूची कांडी सरकवतात. कांडी फ्रेटला लागू नये म्हणून तारा मुद्दाम उंच ठेवलेल्या असतात. अशा गिटारवर बोटांनी कॉर्ड धरायला जाल तर बोटं सोलून निघतील. आधी नट बदलून तारा खाली आणून घ्या. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर तिच्यावर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका, तो ताण तिचा ब्रिज उखडू शकतो.

आता तारा. अकूस्टिकवर सहसा मिळणारा ‘लाइट’ संच सगळा मिळून सुमारे ७० किलो ताण देतो. परतणाऱ्याने सुरुवातीला ‘एक्स्ट्रा लाइट’, म्हणजे शून्य-दहापासून सुरू होणारा संच लावावा. त्याहून सोपा उपायही आहे: सगळ्या तारा एक पूर्ण स्वर, म्हणजे दोन फ्रेट खाली उतरवा. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एक स्वर उतरवला की ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर पुन्हा नेहमीचा मिळतो, ताण मात्र कमीच राहतो, उंच नटचा त्रास संपतो, आणि बोटांना ताणावं लागणारं अंतरही घटतं.

हे अंतर का घटतं, ते फ्रेटच्या मांडणीत आहे. प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेच्या लांबीचा ठरावीक हिस्सा कापतो, म्हणून फ्रेट ब्रिजकडे जाताना जवळ जवळ येत जातात. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असलेल्या गिटारवर नटपासून पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो, तर अकरावा आणि बारावा यांच्यात जेमतेम १९ मिलिमीटर. पहिल्या चार फ्रेटवर चार बोटं पसरायची तर सुमारे १३४ मिलिमीटरचा पट्टा व्यापावा लागतो. तेच पाचव्या ते आठव्या फ्रेटवर १०६ मिलिमीटर पुरतात. म्हणून या प्रकरणातले व्यायाम पाचव्या फ्रेटपासून सुरू होतात. हात मोकळा झाला की रोज थोडं थोडं खाली, नटकडे सरका.

बोट कुठे आणि किती

तार दाबली की ती कुठे थांबते? बोटाखाली नव्हे, फ्रेटच्या धातूवर. कंप पावणारी तार ब्रिजपासून त्या धातूपर्यंतच असते. बोटाचं काम एवढंच, की तार त्या धातूला टेकलेली राहावी. ती खालच्या लाकडाला चिकटेपर्यंत दाबल्याने आवाज जास्त स्वच्छ होत नाही. उलट तार जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. गिटार ट्यूनरवर बरोबर लागते आणि तरी कॉर्ड बेसूर वाटते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं: सहा तारांवर सहा वेगवेगळे जोर.

कमी जोरात काम व्हावं म्हणून बोट फ्रेटच्या अगदी मागे, नटच्या बाजूला, धातूला जवळजवळ लागून ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर तीच तार टेकवायला जास्त जोर लागतो, आणि मागच्या फ्रेटजवळ दाबलं तर तार झणझणते. धातूच्या बरोबर वर बोट ठेवलं तर आवाज बंद होतो. कॉर्डमध्ये प्रत्येक बोटाला ही आदर्श जागा मिळत नाही. ए मेजरमध्ये तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये दाटीने बसतात. तिथे फ्रेटपासून लांब पडलेल्या बोटाला थोडा जास्त जोर द्यायचा, बाकीच्यांना नाही. प्रत्येक बोटाचा जोर वेगळा ठेवता येणं हीच डाव्या हाताची खरी तालीम.

त्यासाठीचा व्यायाम परतणाऱ्याने पहिला आठवडा रोज करावा. पाचव्या फ्रेटवर, तिसऱ्या तारेवर तर्जनी नुसती टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडत राहा. नुसता ‘ठक्’ असा बंद आवाज येईल. आता अगदी सावकाश दाब वाढवा. आधी झणझण येईल, मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथे थांबा. याहून पुढे दाबायचं नाही. आता दाब हळूहळू कमी करत पुन्हा बंद आवाजापर्यंत या. चारही बोटांनी, वेगवेगळ्या तारांवर हे करा. आपण पूर्वी किती जादा जोर लावत होतो, ते काही मिनिटांतच हाताला कळतं. तो जादा जोर हेच बोटं दुखण्याचं, मनगट दमण्याचं आणि कॉर्ड बदलायला उशीर होण्याचं कारण असतं, कारण आवळलेलं बोट सुटायलाही वेळ घेतं.

बोटांची टोकं उभी ठेवा, म्हणजे शेजारची तार अडत नाही. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली हवीत, नाहीतर बोट उभं राहूच शकत नाही.

अंगठा, मनगट, खांदा

जोराचं मूळ बहुतेक वेळा अंगठ्यात असतं. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर, हलका टेकलेला असावा. पाहिजे तर परीक्षा घ्या: सी कॉर्ड धरा, गिटारचं धूड उजव्या हाताच्या कोपराने अंगाशी धरून ठेवा आणि डावा अंगठा नेकपासून अलग करा. आता कोपर किंचित मागे ओढून, हाताच्या वजनाने तारा दाबा. कॉर्ड वाजेल. म्हणजे तारा दाबायचं बरंचसं काम हाताचं वजन करू शकतं आणि अंगठा फक्त दिशा सांभाळतो. वाजवताना अंगठा परत जागेवर ठेवा, पण ही जाणीव सोडू नका.

मनगट शक्यतो सरळ असावं. ते आतल्या बाजूला जास्त वळलं की बोटांकडे जाणाऱ्या स्नायुबंधांना वाकड्या वाटेने काम करावं लागतं. मनगट वळतं ते बहुधा गिटार फार खाली किंवा आडवी धरल्यामुळे. पट्टा बसून वाजवतानाही लावा आणि नेकचं टोक खांद्याच्या उंचीकडे थोडं वर येऊ द्या. पलंगावर पाय दुमडून, पाठ वाकवून वाजवायची हॉस्टेलची सवय सोडा आणि बिनहातांच्या खुर्चीवर बसा. दर पाच मिनिटांनी डावा खांदा वर चढला आहे का ते बघा. चढलेला खांदा म्हणजे हात आवळला जात असल्याची पहिली खूण.

कॉर्ड बदलताना

वेग हा बोटं कमी हलण्यातून येतो. दोन कॉर्डमध्ये कोणतं बोट जागचं हलतच नाही, ते आधी शोधा. सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट तिथेच राहतात, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येते. ए मायनरवरून ई मेजरला जाताना तीच आकृती जशीच्या तशी एक तार वर, जाड तारांकडे सरकते. परतणारा वादक जुन्या सवयीने प्रत्येक वेळी सगळी बोटं उचलतो, हवेत पंजा उघडतो आणि पुन्हा शून्यातून कॉर्ड बांधतो. ही सवय सुटली की निम्मी अडचण संपते.

यासाठी दोन व्यायाम. पहिला: कॉर्ड धरा, वाजवा, मग बोटं तारांना टेकलेलीच ठेवून दाब सोडा. पुन्हा दाबा, वाजवा, सोडा. जमलं की बोटं एक सेंटीमीटर उचला आणि सगळी एकाच वेळी खाली आणा. दुसरा: दोनच कॉर्ड घ्या, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि किती वेळा स्वच्छ बदल झाला ते मोजा. झणझणलेला बदल मोजायचा नाही. आकडा वहीत लिहून ठेवा. परतणाऱ्याला स्वतःची प्रगती दिसत नाही, कारण तो आजचा हात कॉलेजच्या हाताशी ताडून बघत असतो. वहीतला आकडा आजची तुलना गेल्या आठवड्याशी करायला लावतो.

एकेका स्वरासाठी जुना १-२-३-४ चा व्यायाम आहे: पाचव्या ते आठव्या फ्रेटवर चार बोटं क्रमाने, सहाही तारांवर, मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर. इथे लक्ष वेगाकडे नको, न वाजवणाऱ्या बोटांकडे द्या. करंगळी वाजवताना तर्जनी हवेत उडत असेल तर वेग आणखी कमी करा. घाई केली की बोटं लगेच जुन्या चुकीच्या वाटेला लागतात, कारण ती वाट जास्त मळलेली आहे. सावकाश वाजवणं हाच नवी वाट पाडण्याचा उपाय.

एफचं कोडं

बार कॉर्ड हे परतणाऱ्याचं सर्वांत मोठं भय. तर्जनीने सहाही तारा सारख्या जोराने दाबायच्या, अशी समजूत असते. एफ मेजर तारेगणिक बघा. पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळी दाबतात. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर मधलं बोट दाबतं. तर्जनीच्या वाट्याला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली तार उरते. मधल्या तीन तारांवर ती नुसती टेकली तरी चालते. मग सगळा जोर कशाला?

तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा. तिथे मांस कमी आणि हाड जवळ, त्यामुळे तार सांध्याच्या घडीत रुतत नाही. कोपर बरगड्यांकडे आणा आणि हाताचं वजन मागे खेचा, चिमटा काढू नका. सराव पाचव्या फ्रेटवर, म्हणजे ए मेजरवर सुरू करा. नटजवळ तार सर्वांत ताठ लागते, म्हणून पहिल्या फ्रेटवरचा एफ सर्वांत शेवटी. तोपर्यंत गाण्यात चार तारांचा छोटा एफ बेधडक वापरा.

कमी बोटांनी घडलेले हात

डावा हात जोराने चालत नाही, हे ज्यांना नाइलाजाने शिकावं लागलं त्यांच्याकडे बघावं. जँगो राइनहार्ट हा रोमानी समाजातला गिटारवादक १९२८ साली आपल्या गाडीघराला लागलेल्या आगीत भाजला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून गेली. दीर्घ आजारपणात त्याने उरलेल्या दोन बोटांसाठी नवी पद्धत बसवली. एकल वादन तर्जनी आणि मधल्या बोटाने, कॉर्डला जमेल तिथे आखडलेल्या बोटांचा आधार. १९३४ मध्ये स्टेफान ग्रापेली यांच्यासोबत सुरू झालेल्या पॅरिसच्या क्विंटेटमधलं त्याचं वादन आजही चार बोटांच्या वादकांना दमवतं.

टोनी आयोमी याची गोष्ट रांजणगावच्या कामगाराला जवळची वाटेल. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये, पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, १७ वर्षांच्या आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, गिटारला बँजोच्या हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारांचे स्वरही उतरवले. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडचा जड, खोल आवाज घडण्यात या तडजोडींचा वाटा आहे. हलक्या तारा आणि उतरवलेला सूर, हे दोन्ही उपाय याच प्रकरणात वर आलेले आहेत. ते वापरण्यात कमीपणा नाही.

अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मार्टिनो याच्यावर १९८० मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची स्मृती मोठ्या प्रमाणात गेली. स्वतःच्याच जुन्या रेकॉर्डी ऐकत तो पुन्हा गिटार शिकला. १९८७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्याच्या अल्बमचं नाव ‘द रिटर्न’, म्हणजे परतणं.

रोज किती

ब्रिटिश टपाल खात्यातल्या पोस्टमनना टाइपिंग शिकवताना ऍलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना, दिवसाला चार तास शिकणाऱ्यांपेक्षा, एकूण तास कमी लागले. गंमत अशी की एक तासवालेच आपल्या वेळापत्रकावर सर्वांत कमी खूश होते. प्रगती होत असतानाही ती जाणवत नाही, असं होऊ शकतं. रविवारी तीन तास वाजवून आठवडाभर गिटार न उघडण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी मोलाची. कातडीलाही तेच मानवतं. थोडा दाब, मग विश्रांती, या चक्राने ती जाड होते. एकाच दिवशी फोड आणलेत तर सोलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की डाव्या हाताच्या बोटांनी शिकलेला क्रम झोपेनंतर सुमारे २० टक्के वेगाने होऊ लागतो. तेवढाच वेळ जागेपणी गेला तर तसा फरक पडत नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने यातून एवढंच घ्यावं: झोपायच्या आधी वीस मिनिटं वाजवा, मग ती झोप रात्रीची असो की नाइट करून आल्यावरची सकाळची. फक्त दिवसभर पाना किंवा प्रेस चालवून हात भरून आले असतील तर त्या दिवशी बार कॉर्ड करू नका, हलका व्यायाम करा.

दौंडहून रोज पुण्याला जाणाऱ्यांच्या हाताशी आणखी एक वेळ असते. ७५ किलोमीटरचा हा प्रवास साधारण सव्वा तासाचा. आल्वारो पास्कुआल-लिओने यांच्या १९९५ च्या प्रयोगात पियानोचे पाच बोटांचे पाठ काहींनी प्रत्यक्ष वाजवले आणि काहींनी फक्त मनात. पाच दिवसांनी मनात वाजवणाऱ्यांच्या मेंदूतही त्या बोटांच्या क्षेत्रात तसेच बदल दिसले, आणि त्यांचं वाजवणंही सुधारलं. गाडीत बसल्या बसल्या सीवरून ए मायनर, तिथून एफ, तिथून जी, असं कोणतं बोट कुठून कुठे जाईल ते मनात स्पष्ट बघा. घरी गेल्यावर गिटार हातात घ्याल तेव्हा निम्मं काम झालेलं असेल.

कुठलं दुखणं सोसायचं

बोटांच्या टोकांची जळजळ पहिले दोन-तीन आठवडे राहणारच. ती सोसता येते. पाण्यातून काढलेली बोटं मऊ असतात, म्हणून हात धुतल्यावर किंवा अंघोळीनंतर कातडी कोरडी होईपर्यंत थांबा. थंडीत हात आखडले असतील तर कोमट पाण्याने शेका, पण वाजवण्याआधी पूर्ण पुसा. मनगटात, कोपराखाली किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, मुंग्या येत असतील, बोट बधिर होत असेल, तर तेव्हाच थांबा. हे सोसायचं दुखणं नव्हे. दोन दिवस विश्रांती घेऊन अंगठा, मनगट आणि खांदा पुन्हा तपासा. तरी राहिलं तर डॉक्टरकडे जा.

सहा आठवड्यांनी

पहिला आठवडा नुसत्या दाबाचा. दुसरा एकेका कॉर्डचा. तिसरा-चौथा कॉर्ड बदलण्याचा. पाचवा-सहावा पाचव्या फ्रेटवरच्या बार कॉर्डचा. दर आठवड्याला एक गाणं, मूळ वेगाच्या निम्म्यावर.

मग कुणासोबत तरी वाजवा. आपल्याकडे ते पेटीबरोबर घडण्याची शक्यता जास्त, आणि पेटीवाला कॉर्डची इंग्रजी नावं सांगत नाही, ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’ सांगतो. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार वाजवा, पांढरी दोनसाठी दुसऱ्यावर, काळी दोनसाठी तिसऱ्यावर. तारा एक स्वर उतरवलेल्या असतील तर प्रत्येक वेळी कॅपो दोन फ्रेट पुढे. अनेक आरत्या आणि भक्तिगीतं दोन-तीन कॉर्डमध्ये निभावता येतात. दुसऱ्यासोबत वाजवताना थांबता येत नाही, आणि हात खरोखर हलका झाला आहे का, हे तिथेच कळतं.

हात तपासायच्या खुणा तीन. पाच मिनिटं सलग वाजवल्यावर अंगठ्याचं मूळ दुखत नाही. कॉर्डमधली प्रत्येक तार एकेक छेडली तर स्वच्छ वाजते. आणि ट्यूनरवर लावलेली गिटार कॉर्ड धरल्यावरही सुरात राहते. कॉलेजच्या दिवसांत यातली एकही परीक्षा तुम्ही कदाचित पास झाला नसता. तेव्हा तरुण बोटांच्या जोरावर सगळं निभत होतं. आता ते निभेल नेमक्या जागेवर आणि बेताच्या दाबावर, आणि हे दोन्ही वयाबरोबर झिजत नाहीत. म्हणून जुना हात परत मिळवायच्या मागे लागू नका. जो हात आता घडेल तो त्याहून चांगला असेल, आणि साठीतही तुमच्या उपयोगी पडेल.